घराची किल्ली

गोळी तोंडाशी आली तशी बायकोनं ओठ घट्ट मिटले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "आमचे हे आले की घेईन," ती म्हणाली. "परक्याच्या हातचं नको."

परका म्हणजे तिचा नवराच होता, बेचाळीस वर्षं संसार केलेला. किल्ल्या करून देणारा माणूस. गावभरची अडलेली कुलपं उघडायचा आणि आज घरात त्याचं काही चालेना. दुपारी दातांच्या डॉक्टरांनी त्याचे उरलेसुरले दात काढले होते, जबड्यात इम्प्लांटचे स्क्रू घातले होते आणि त्यावर लगेच पांढरीशुभ्र कवळी बसवून दिली होती. गाल टम्म सुजले होते. बोलताना शब्दांतून हवा निसटत होती, त्यामुळे आवाजही भलत्याच कुणाचा वाटत होता. आरशात पाहिलं तेव्हा त्याला स्वतःलाच वाटलं, हा कोण शिष्ट माणूस?

बायकोला वर्षभरापासून माणसं ओळखू येत नव्हती. मुलगी तिला कधी नर्स वाटे, कधी शेजारीण. तो एकटा तेवढा शिल्लक होता. संध्याकाळची गोळी ती फक्त त्याच्या हातून घ्यायची आणि गोळी चुकली की तिला झटका यायचा. मागच्या खेपेला पलंगाच्या कडेवर डोकं आपटून तिला सात टाके पडले होते.

मुलीनंही दोनदा गोळी देऊन पाहिली. मग तिनं घड्याळाकडे पाहिलं. साडेसात वाजून गेले होते.

तो उठून बेसिनपाशी गेला. मुलीच्या लगेच लक्षात आलं. उद्या सकाळी तपासेपर्यंत कवळी काढायची नाही, काढलीत तर हिरड्या सुजून ती परत बसणार नाही, असं डॉक्टरांनी तीन-तीनदा बजावलं होतं. तिनं तसं म्हटलंसुद्धा. पण तोवर कवळी त्याच्या हातात होती.

रक्त पुसून तो बायकोसमोर येऊन बसला. आता ओळखेल, अशी त्याची खात्री होती. पण तिच्या ओळखीच्या चेहऱ्याला पुढचे दोन दात होते, मधे फट असलेले, आणि ते दुपारीच गेले होते. या तोंडात नुसते टाके होते. ती ओरडली नाही. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून पुन्हा भिंतीकडे वळली आणि थरथरत राहिली. आगीतून उठून फुफाट्यात पडल्यासारखं झालं आणि त्याला फार लाज वाटली.

तो कवळी परत बसवायला लागला. बसेना. जोर लावला तर डोळ्यांतून पाणी आलं. मग आयुष्यभर जे केलं तेच त्यानं केलं. न बसणारी वस्तू डाव्या मुठीत धरली, खिशात कायम असणारी बारीक कानस काढली आणि अडणारी कड घासायला घेतली.

"बाबा, नका ना," मुलगी म्हणाली. "सूज उतरली की ढिली होईल ती."

खर्र, खर्र. गुलाबी भुकटी त्याच्या मांडीवर पडली.

पांघरुणाची थरथर थांबली. "आलात का?" बायको भिंतीकडे बघतच म्हणाली. "किती उशीर केलात."

त्याचा हात थांबला, तशी ती पुन्हा आक्रसली. त्यानं कवळी पाण्याच्या वाटीत ठेवली आणि खिसे चाचपले. एकच किल्ली होती, घराच्या दाराची. त्यानं ती घासायला घेतली. मुलीनं गोळी पुढे केली. आईनं मुकाट्यानं तोंड उघडलं, गोळी गिळली, वर दोन घोट पाणी घेतलं.

"घेतली, बाबा," मुलगी हळूच म्हणाली. "आता पुरे."

"तुम्ही जेवलात का?" बायकोनं विचारलं.

बोलला असता तर पुन्हा परका झाला असता. तो घासत राहिला. किल्लीचे दाते केव्हाच सपाट झाले होते.