शांत पाणी

वारा नाही, लाट नाही, पाणी अगदी आरशासारखं. अशा दिवशी तिच्या नवऱ्याचं पाण्यावर उतरणारं छोटं विमान उतरता उतरता सरळ तळ्यात घुसलं आणि तो गेला. त्याने मुद्दामच केलं, असंच सगळ्यांनी गृहीत धरलं. सासूबाई तर तोंडावर म्हणाल्या, "तूच काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलली असशील." त्यानंतर त्यांनी बोलणंच टाकलं.

ती तसलंच विमान चालवायला शिकू लागली. आज पाणी तसंच शांत होतं.

"पाणी किती खाली आहे?" शेजारी बसलेल्या शिक्षकांनी विचारलं.

"आहे की अजून बरंच..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत शिक्षकांनी विमान सावरलं आणि ते पाण्याला धाडकन टेकलं.

"लाट नसली की पाणी कुठे सुरू होतं तेच कळत नाही. यात भलेभले फसतात."

धक्क्यावर उतरताच तिने फोन लावला. "आई, ठेवू नका. त्यांनी मुद्दाम नाही केलं. त्यांना पाणी दिसलंच नाही हो. आज तसलंच विमान उतरवताना मलाही नाही दिसलं."

पलीकडे बराच वेळ नुसते हुंदके ऐकू येत राहिले. मग सासूबाई म्हणाल्या, "तू नको गं बसूस आता त्यात."