पहिला बार

“पुन्हा दचकलीस,” ऑर्व्हल दुर्बिणीतून डोळा न काढता नवऱ्याच्या हक्काने म्हणाला.

मार्वाने बंदूक बाकावर ठेवली. खडीच्या खाणीच्या पलीकडच्या टोकाला लावलेल्या निशाणाच्या कागदावर तिची तीन भोकं होती. दोन मधोमध, एकमेकांना चिकटून. उरलेलं उजवीकडे वर, चार बोटं लांब. मग ऑर्व्हल बसला. त्याच बंदुकीतून, त्याच काडतुसांनी त्याने तीन बार काढले. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली असती.

“काडतूस एक नंबर जमलंय,” तो म्हणाला. पुढचं बोलला नाही, एवढा शहाणपणा त्याला होता.

बंदूक मार्वाची होती, कोरी. अमेरिकेतल्या मॉन्टानात मूसच्या, म्हणजे घोड्याहून थोराड सांबराच्या, शिकारीचा परवाना सोडतीत निघतो, आणि कित्येकजण अर्ज करता करताच म्हातारे होतात. मार्वाही झाली होती. पण यंदा तिचं नाव लागलं. ऑर्व्हलने सगळा उन्हाळा गॅरेजात काडतुसं भरण्यात घालवला. कधी बंदुकीची दारू दोन कण जास्त, कधी गोळी केसभर आत. नव्या बंदुकीला काय मानवतं हे नव्या सुनेसारखं हळूहळूच कळतं. अखेर कळलं. आता फक्त मार्वाचा खांदा तेवढा दचकत होता. ऑर्व्हल तिला समजावी, चुचकारी, आणि घरी आल्यावर तिच्या बंदुकीची नळी गज घालून पुसून, आतून तेल लावून आरशासारखी लख्ख करून ठेवी. मळकी बंदूक खुंटीला लावणं त्याच्या लेखी पाप होतं.

“मी शिकारीला जात नाही,” रविवारी नाश्त्याला मार्वा म्हणाली. “मूस काही तीन गोळ्या खायला थांबत नाही. पहिली भलत्याच जागी लागायची आणि ते जनावर झाडीत तडफडत मरायचं, त्यापेक्षा परवाना वाया गेलेला बरा.”

ऑर्व्हल पॅनकेक चिवडत राहिला. जा, असं म्हणायचा त्याला धीर झाला नाही. मार्वाला तेच जास्त लागलं.

पण ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की उलगडेपर्यंत तिला अन्न गोड लागत नसे. पुढच्या खेपेला तिने प्रत्येक बारानंतर दुर्बिणीतून पाहिलं. भरकटायची ती दरवेळी पहिलीच गोळी. दचकायचंच तर माणूस खांदा ठणकायला लागल्यावर दचकेल ना? आधीच कसा?

त्याच्या पुढच्या शनिवारी खाणीत पोचताच ती म्हणाली, “आज आधी तू.”

“अगं, बंदूक तुझी, पहिला बार तुझा. असंच करतो ना आपण?”

“म्हणूनच. बस.”

ऑर्व्हलने कुरकुरत बार काढला. मार्वा दुर्बिणीला डोळा लावून होती.

“दचकलास.”

“कोण, मी? आधी तुझे डोळे तपासून घे.” त्याने स्वतः पाहिलं. भोक उजवीकडे वर, चार बोटं लांब. तो पुन्हा बसला. पुढच्या दोन्ही गोळ्या मधोमध गेल्या, एकमेकींना चिकटून.

त्याने बंदूक उचलून तिच्या तोंडाचा वास घेतला.

“तेल,” तो म्हणाला. “माझी जुनी बंदूक कधी असले नखरे करत नव्हती. हिची पहिली गोळी नळीतल्या तेलावरून जाते न् भरकटते. तेवढ्यात तेल जळून जातं, मग बाकीच्या सरळ. आणि मी बसायचो तुझ्यानंतर.”

“म्हणजे माझी पहिली गोळी तू घरी तेल लावतानाच चुकवून ठेवत होतास.” मार्वाला हसू आवरेना. डोळ्यांत पाणीही आलं.

त्या रात्री बंदूक न पुसता तशीच राहिली. ऑर्व्हलला झोप लागली नाही. सकाळी खाणीत गार, मळक्या नळीतून मार्वाने एकच बार काढला. ऑर्व्हलने दुर्बिणीतून पाहिलं आणि तसाच वाकून राहिला. भोक मधोमध होतं.

“मार्वा, सगळा उन्हाळा मी तुला...”

“हो, सगळा उन्हाळा.” तिने बंदूक खोळीत सरकवली. “आता हिला हात लावायचा नाही. फारच हात शिवशिवत असतील तर सुऱ्यांना धार लाव. मूस सोलायला लागतील.”