चपलांची जागा

"मी रविवारी जाणार," नंदू स्क्रीनवरून म्हणाली आणि तिचा चेहरा तिथंच थिजला.

पुण्याचं नेट असंच. इकडे सातासमुद्रापार, स्कोफिल्ड्समधल्या आपल्या घरात लीना खिडकीतल्या उन्हात लॅपटॉप मांडून बसून राहिली. बाहेर लॉकडाऊनमधली हिवाळी दुपार. रस्त्यावर गाडी नाही, माणूस नाही. समोरचा वॉटल पिवळ्या फुलांनी नुसता भरलेला, आणि कुठंतरी एक मॅग्पाय पक्षी पाण्याखाली बसून गावं तसा गात होता. आज वार कोणता, हे विचारायची सवयसुद्धा सगळ्यांची सुटली होती.

चेहरा हलला. "...सुचित्राताईंना सांगू नका."

सुचित्राताई संस्थेच्या वॉर्डन. स्टेशनवर, फुटपाथवर राहणाऱ्या मुलींना त्या आणत, शाळेत घालत. शाळा बंद असल्यामुळे नंदूला इंग्लिश लीना शिकवायची, इतक्या लांबून. नंदू आधी दोनदा पळाली होती. पुन्हा गेली तर तिची जागा दुसऱ्या मुलीला मिळणार आणि नववीतून नाव कटणार.

"का गं?"

"रात्री चप्पल दाराशी काढायला लावतात. कोणी नेली म्हंजे?"

"तिथं कोण नेणार आहे?"

"तुमची कधी नेलीय का कोणी, ताई?"

फुटपाथवरची पोर चपला उशाखाली घेऊन झोपते, हे सुचित्राताईंनी लीनाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गादी मिळाली, पंखा मिळाला, तरी ती खोड जात नाही. ज्या रात्री मुलगी आपणहून चपला दाराशी ठेवते, त्या रात्री ती राहिली, असं संस्थेत धरतात.

"पळणार ती," मागून आवाज आला.

सासूबाई! शुभदाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. नातीला भेटायला म्हणून आल्या, विमानं बंद झाली, आणि आता इथला दुसरा हिवाळा काढत होत्या. लीना मनातल्या मनात त्यांचं खातं लिहायची. नावे बाजू भरगच्च. चहा दोनदा गरम करायला लावतात. व्हॉट्सॅपच्या निरोपातले ऱ्हस्व-दीर्घ काढतात. आणि सोवळं तर विचारूच नका! घरातल्या सगळ्यांचे जोडे दारातल्या रॅकवर, यांच्या चपला मात्र रोज खोलीत. "आजी, जस्ट लीव्ह देम हिअर, नो वरीज," मिताली म्हणायची. आजी हसून चपला उचलायच्या. बाईंना आपल्या चपलांना इतरांचे जोडे लागलेले चालत नाहीत, असा निकाल लीनानं केव्हाच देऊन टाकला होता.

जमेला दोनच गोष्टी. आपलं अंथरूण त्या आपणच घालायच्या, आपणच काढायच्या. चादरीला कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. आणि 'आमच्या माहेरी' हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघायचे नाहीत. मैत्रिणींच्या सासवा पाहिलेल्या लीनाला हा तर बोनसच वाटायचा.

"आई, ऐकतेय ती!"

"ऐकू दे. काय गं, रात्री दाराला कुलूप लावतात?"

"हां. हे मोठं."

"मग पळावंसं वाटणारच. काढा म्हणावं तुमच्या ताईंना."

"ह्या कोण?" नंदूनं विचारलं.

"माझ्या सासूबाई."

"लई खडूस हाएत."

"'हाएत' नाही, 'आहेत'," शुभदाबाई म्हणाल्या आणि चहा गरम करायला गेल्या.

लीनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून जग पाहिलेली बाई, हिला फुटपाथवरच्या पोरीचं काय कळणार? तिनं खात्यात आणखी एक ओळ चढवली.

शुक्रवारी ऐन नंदूच्या वेळेला ऑफिसची मीटिंग उपटली.

"व्याकरण मी घेते," शुभदाबाई म्हणाल्या. "टॅब्लेट दे. आणि जाताना दार ओढून घे."

मीटिंगभर लीनाला भिंतीपलीकडून पुटपुटणं ऐकू येत राहिलं, उन्हातल्या डुलकीत ऐकू यावं तसं. मग चक्क हसणं. एकटीचं नाही, दोघींचं.

"काय शिकवलंत?"

"शब्दयोगी अव्ययं. आत, बाहेर, खाली."

"आई, ती परवा पळून जायला निघालीय!"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

सोमवारी लीनानं कॉल लावला. रिंग वाजत राहिली. स्क्रीन काळा. वॉटलची फुलं वाऱ्याशिवायच गळत होती. मग एकदम नंदूचा चेहरा, तेल लावून चापून बसवलेल्या वेण्यांसकट.

"गेली नाहीस?"

"ठेवली, ताई. काल रात्री. दाराशी. सकाळी बघितलं तर तिथंच!"

लीनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई गं! एकदम कशी काय?"

"आजींशी पैज लागलीय. पहिली मी, मग त्या. आता त्यांची पाळी. बघा ना, त्यांची आहे का बाहेर?"

लीनानं मान वळवून रॅककडे पाहिलं. नवऱ्याचे बूट, मितालीचे स्नीकर्स, तिच्या स्वतःच्या सपाता. तिला हसू आलं.

"अगं, त्यांच्या चपला खोलीतच असतात. सोवळं आहे त्यांचं."

नंदू स्क्रीनच्या अगदी जवळ आली.

"खोलीत नाय, ताई," ती हळूच म्हणाली. "उशाखाली."