निकाल कोणी सांगू नका

हर्षलनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि कडूबाच्या चहाच्या टपरीसमोरून तो जवळजवळ पळतच निघाला.

"अरे थांब ना! तुले समजलं का?" कडूबा हातातली गाळणी घेऊन तसाच बाहेर आला.

"मले काही समजून घ्यायचं नाही. सांगशीन तर तुझ्या टपरीवर पाय ठेवनार नाही," हर्षल मागं न बघता ओरडला आणि मोठ्यानं गाणं म्हणू लागला. बसस्टँडवरची माणसं हसली. कडूबा हसला नाही.

मोटारींच्या शर्यतींच्या नव्या हंगामातली पहिली शर्यत त्या रविवारी सकाळी साडेनऊला ऑस्ट्रेलियात झाली होती. गेली सहा वर्षं हर्षल आणि दुसरबीडचा अकरम ही पहिली शर्यत देऊळगाव राजात, हर्षलच्या गॅरेजमध्ये, एकाच बाकावर बसून पाहत आले होते. यंदा नेमका त्याच सकाळी हिवरा आश्रमला मेहुणीचा साखरपुडा निघाला. बायकोला, म्हणजे रेणुकाला, नाही म्हणायची हर्षलची छाती नव्हती. मग अकरमनंच तोड काढली. सकाळी दोघांनीही पाहायची नाही, चार वाजता गॅरेजात बसून रेकॉर्डिंग पाहायचं. "नऊले मोबाईल बंद. जो आधी निकाल आयकन तो गद्दार," असा त्याचा सकाळी मेसेजही आला होता. दोघांच्या लाडक्या संघाची लाल गाडी दोन हंगाम सारखी हरत होती. यंदा तरी ती जिंकावी म्हणून अकरम रोजा धरून दुवा मागत होता.

हर्षलनं शब्द इमानानं पाळला. साखरपुड्याचं जेवण उरकून, रेणुकाला माहेरी ठेवून तो एकटाच परतला. वाटेत दुसरबीडला बस थांबली तेव्हा त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. ओळखीचं कोणी खिडकीशी यायचं आणि निकाल सांगून टाकायचं.

गॅरेजचं शटर वर करताना शेजारचे वेल्डिंगवाले रंगराव बाहेर आले.

"आज दुकान उघडून राह्यला तू?"

"दुकान नाही काका, रेस पाह्याची हाये."

रंगराव त्याच्याकडे पाहतच राहिले. "आज? आज रेस पाह्यनार?"

"आजच त पाह्याची असते."

"पाह्य बाप्पा. ज्याचं त्याले," असं म्हणून ते आत गेले आणि त्यांनी आपलं मशीन बंद केलं. म्हाताऱ्याला यातलं काय कळतंय, असं म्हणून हर्षलनं बाक पुसायला घेतला.

साडेतीनला आसिम आला, अकरमचा चुलतभाऊ. तो मोटारसायकलवरून उतरला नाही, इंजिनही बंद केलं नाही. डोळे लाल, चेहरा पार उतरलेला. तोही लाल गाडीचाच भक्त. झालं, याही वर्षी हरलो.

आसिम तोंड उघडायच्या आत हर्षलनं हात वर केला. "बोलू नको. तुझं तोंड पाहूनच समजलं मले."

आसिमच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंग चाल ना भाई, बस मागं. सारे तिथंच हायेत. युसूफचाचा तुझीच वाट पाहून राह्यले."

युसूफचाचा म्हणजे अकरमचे वडील. गाडी हरली की सगळी पोरं त्यांच्या ओट्यावर जमायची आणि ड्रायव्हरपासून टायरपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची, हे दरवर्षीचंच होतं.

"मी नाही येत," हर्षल म्हणाला. "तिथं रडत बसून काय व्हते? झालं ते आपल्या हातात थोडीच हाये? मी इथंच बसतो, रेस पाहतो."

आसिमनं बाहीनं डोळे पुसले. "ठीक हाये भाई," एवढंच बोलला आणि गाडी वळवून निघून गेला.

चार वाजले, सव्वाचार झाले, अकरम आला नाही. बाकावर खजुराचा डबा आणि टरबूज ठेवलेलं होतं. साडेसहाला त्याचा रोजा इथंच सुटायचा होता. मोबाईल सुरू करून विचारावं, तर ग्रुपवर निकालाचा पूर आलेला असणार. गद्दारानं सकाळीच पाहिली, आता तोंड दाखवायची लाज वाटत असेल. हर्षलला मनापासून राग आला. साडेचारला त्यानं शटर अर्धं ओढलं, निकाल दिसू नये म्हणून टीव्हीच्या खालच्या भागावर गोणपाट टाकलं आणि एकट्यानंच शर्यत लावली.

लाल गाडी तिसऱ्या नंबरावर होती. हर्षल ती हरायची वाट पाहू लागला. प्रत्येक वळणावर त्याला वाटे, आता टायर फुटणार, आता इंजिनातून धूर निघणार. सकाळीच होऊन गेलेल्या गोष्टीवर इथून ओरडून काही उपयोग नाही हे त्याला कळत होतं, तरी तो घसा फोडून ओरडत होता. चाळिसाव्या फेरीला लाल गाडी दुसरी आली. पन्नासाव्या फेरीला पहिली. त्यानं बाकाची कड घट्ट धरली. आता नक्की काहीतरी होणार.

काही झालं नाही. लाल गाडी जिंकली.

हर्षल बाकावर चढला, एकटाच नाचला, शेजारच्या रिकाम्या जागेवर दोन थापा मारल्या. साल्यांनी काय नाटक केलं! कडूबा काय, आसिम काय, सगळ्यांनी मिळून बनवलं. पठ्ठ्या डोळेसुद्धा लाल करून आला होता. अकरमला चार शिव्या घालायच्या म्हणून त्यानं हसत हसत मोबाईल सुरू केला.

रेणुकानं एकवीस वेळा फोन केल्याचे मेसेज आले. 'लाल गाडी' ग्रुपवर शर्यतीबद्दल कोणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. सगळ्यात खाली आसिमचा मेसेज होता, दहा मिनिटांपूर्वीचा. "अकरमले कब्रस्तानात मिट्टी देऊन झाली. चाचांनी तुझ्यासाठी जनाजा थांबवून ठेवला होता. मंग मीच सांगितलं त्यायले, हर्षल येत नाही, रेस पाहून राह्यला."