वारसाची सही

मेल्यावर आपला देह मेडिकल कॉलेजला द्यायचा, असं बिलोलीच्या पार्वतीबाईंनी सत्तराव्या वर्षी घरात सांगून टाकलं. मुलगा व्यंकट भडकला.

"अग्नी मिळाला न्हाई तर आत्मा भटकत ऱ्हातो, आई. मुक्ती कशी मिळंल तुला?"

"मुक्तीच तर मागून राहिले, बाबा. शाळा कधी सोडायची ते माझ्या बापानं ठरवलं, लग्नाचं मामानं, बाकी समदं तुझ्या वडलांनी. मेल्यावर कुठं जायचं ते तरी मला ठरवू दे."

व्यंकट संमतीची सही देईना. तेव्हा त्या नांदेडला लेकीकडे गेल्या. सुकन्या बँकेत नोकरीला. "तुझा देह, तुझी मर्जी," म्हणत तिनं आईला स्कूटीवर बसवलं आणि थेट कॉलेजात नेलं.

पार्वतीबाईंनी अर्जावर सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. क्लार्कनं अर्ज सुकन्यापुढं सरकवला.

"इथं खाली एका वारसाची संमती लागते, मॅडम."

सुकन्यानं पेन हातात घेतलं. मग ते खाली ठेवून पर्समधून मोबाईल काढला.

"एक मिनिट हं, आई. ह्यांना विचारून घेते."