नजरेत न भरणारं पातेलं

नंटेझाने चित्रातला वाफेचा थर पुन्हा एकदा लपवला. पडद्यावर पातेलं, त्यावर दाबून बसवलेलं केळीचं पान आणि मागची मातकट जमीन एवढंच उरलं. मग तिने वाफ परत आणली. चित्र एकदम जिवंत झालं. फारच देखणं दिसत होतं ते. आणि देखणं दिसून चालणार नव्हतं.

कंपालातल्या एका लहानशा कार्यालयात ती फोनवरच्या अ‍ॅपची चिन्हं काढायची. घरी तिने तेवढंच सांगितलं होतं, कारण बाकीचं सांगायची मुभा नव्हती. हे अ‍ॅप वरवर पाककृतींचं होतं. मटोकेची हिरवी केळी पानांत कशी बांधायची, दाण्याची आमटी कशी दाट करायची, सगळं त्यात होतं. पण आत गेल्यावर एका चित्रावर बोट दाबून धरलं, की मदतीला माणसं निघत. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी ते होतं. त्याचं जुनं चिन्हही पातेल्याचंच, पण सपाट होतं. नव्या फोनवर त्याच्याभोवती पांढरी चौकट उमटायची आणि ते रांगेतून उठून दिसायचं. म्हणून ते थराथरांनी नव्याने घडवायचं होतं.

हे अ‍ॅप काढणारी संस्था चालवणाऱ्या बिरुंगीबाई काम सोपवताना फार बोलल्या नव्हत्या. "बघणाऱ्याचा अंगठा त्यावरून घसरून गेला पाहिजे," त्या म्हणाल्या होत्या. "तो थांबला, तर कुठेतरी एखादीचं डोकं फुटेल."

ते वाक्य नंटेझाच्या मानगुटीवर बसलं होतं. पानाचा हिरवा रंग उतरवला, तर मातकट जमिनीवर पान दिसेनासं झालं. सावली वाढवली, तर पातेलं अधांतरी तरंगायला लागलं. सावली काढली, तर कापून चिकटवल्यासारखं दिसलं. शेवटी तिने वाफ निम्मी पारदर्शक केली, तपकिरी पातेलं थोडं लालसर मातीच्या रंगावर नेलं आणि ते चिन्ह स्वतःच्या फोनवर चढवलं. आता ते कुणाला तरी दाखवून बघायला हवं होतं. कार्यालयातल्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांचा काय उपयोग? ज्याला यातलं काही माहीत नाही, पण ज्याच्या नजरेतून काही सुटत नाही, असा पुरुष हवा होता.

तिला दाजी आठवले. थोरल्या बहिणीचा, नमुलीताईचा नवरा सेम्पीजा. घरातली खुर्ची वीतभर सरकली तरी त्यांना कळायचं. चर्चच्या गायकांत त्यांचा आवाज सगळ्यांत खडा. बायकोचा फोन वाजला की तेच उचलायचे आणि हसत सांगायचे, नमुली कामात आहे, मला सांगा. आई म्हणायची, जावई मिळावा तर असा.

रविवारी चर्च सुटल्यावर ती मुकोनोला त्यांच्या घरी गेली. जेवणाला अवकाश होता. तिने फोन दाजींच्या हातात दिला आणि म्हणाली, आजीच्या वाढदिवसाचे फोटो पुढच्या पानांवर कुठेतरी आहेत, तुम्हीच शोधा.

"स्वतःच्या फोनमधले फोटो सापडत नाहीत," दाजी म्हणाले. "उद्या नवरा कसा सापडायचा?"

ती हसली. दाजींनी एक पान सरकवलं. दुसरं आलं. त्यावर मधोमध ते पातेलं होतं. ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. दाजींचा अंगठा त्यावरून सरळ पुढे गेला आणि फोटोंवर जाऊन थांबला. एक फोटो मोठा करून त्यांनी विचारलं, नमुलीच्या शेजारी हा कोण उभा आहे? मामाचा मुलगा, नंटेझाने सांगितलं. तिचं तिकडे लक्षही नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळं वाटत होतं.

नमुलीताई हात धुवायचं पाणी घेऊन आली आणि रिवाजाप्रमाणे नवऱ्यासमोर गुडघ्यांवर बसली. हात धुऊन झाल्यावर दाजींनी फोन तिच्याकडे दिला. बॅटरी संपत आलीय हिची, आत चार्जिंगला लाव, म्हणाले.

नंटेझाही तिच्यामागून परसातल्या स्वयंपाकघरात गेली. बिरुंगीबाईंना कधी एकदा कळवते असं तिला झालं होतं.

ताईने फोन चार्जिंगला लावला नव्हता. चुलीपाशी उभी राहून ती त्याच्याकडे बघत होती. पडद्यावर लाल पातेलं होतं. नंटेझाने हात पुढे केला, पण ताईने फोन दिला नाही. तिने पायाने दार लोटलं. एका हाताने उलथनं उचलून ती रिकाम्या भांड्यावर आपटत राहिली, उगाचच, मोठ्याने. त्या आवाजाच्या आड ती बोलली.

"हे तू बदलतेयस?"

ताईला तिने कधीच काही सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं. "दाजींच्या ध्यानातसुद्धा आलं नाही," ती कशीबशी म्हणाली. "मी बघत होते."

"तुझ्या फोनवर कशाला येईल? माझा ते रोज तपासतात, त्यातलं प्रत्येक चित्र त्यांना पाठ आहे." उलथनं आपटायचं थांबलं नाही. "माझं जुनंच पातेलं राहू दे."