दुपारचा कुकर

“हलू बोल गो बाय, पोरगा झोपलाय.”

चांगुणाबाईंनी दारातच ओठांवर बोट ठेवलं. व्हिसाची कामं करणाऱ्या क्षिप्राने बेलकडे नेलेला हात मागे घेतला, चपला अलगद काढल्या आणि चवड्यांवर आत आली. नेरूळ गावातल्या त्या घरात भर दुपारी दीड वाजता पडदे ओढलेले होते. पंखा एकवर फिरत होता. चांगुणाबाईंची सून मनस्वी फरशी पुसत होती, तीसुद्धा पाण्यातून चालावं तशी.

क्षिप्राचा चेहरा एकदम खुलला. “बाळ आहे? अगं मनस्वी, आधी सांगायचं ना! जन्मदाखला लावला असता, विषय खल्लास.”

“बाळ कुठलं आलंय,” मनस्वी पुटपुटली आणि तिने टेबलाकडे मान केली.

टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा होता. त्यात अंधार, अंधारात निळसर उशी, उशीवर एक कान. मिथुन. मनस्वीचा नवरा. तिकडे कॅनडात, कॅलगरीत, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. फोनमधून त्याचा श्वास येत होता, बारीक शीळ घातल्यासारखा.

क्षिप्राने लॅपटॉप उघडला. लग्नानंतर दोघं एकत्र राहिली ती फक्त एकोणीस दिवस, मग मिथुन परत गेला, त्याला आता अडीच वर्षं झाली. मनस्वीच्या व्हिसासाठी तिकडच्या ऑफिसने कळवलं होतं, हे लग्न खरंच आहे हे पटवून द्या. उत्तर आज संध्याकाळपर्यंत गेलं नाही तर फाइल बंद.

“रोज सात-सात तासांचे कॉल,” क्षिप्रा कुजबुजली. “आणि चॅट बघावं तर नुसता ठणठणाट. अगं, बोलता काय एवढं?”

“काहीच नाही. तो झोपतो, मी कामं करते. एकट्याला झोपच लागत नव्हती त्याला.”

“हे लिहू मी?”

खिडकीच्या फटीतून उन्हाची तिरीप टेबलावर सरकत आली होती. मनस्वी उठली आणि तिने फोन वीतभर सावलीत ओढला. “डोळ्यांवर येतं त्याच्या,” ती म्हणाली. क्षिप्रा हसणार होती, पण कसं कोण जाणे, हसली नाही.

आता एकच कागद उरला होता, घरातल्या मोठ्या माणसाचं पत्र. चांगुणाबाई पदर सावरून खुर्चीवर बसल्या, घसा खाकरायला गेल्या आणि आठवण होऊन आवाज तसाच गिळला.

“लिही. आमचा मिथुन निर्व्यसनी हाय. सुपारीचं खांड नाय खात. सोताचं घर हाय, घरानं चांगलं...”

“काकू, स्थळ नाही सांगायचं, लग्न झालंय त्याचं! ह्या दोघांचं खरं आहे, ते तुम्हाला कशावरून कळतं, एवढंच सांगा.”

चांगुणाबाईंना असं कधी कोणी विचारलंच नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी शेवंताबाई कोळणीची आरोळी उठली, “बोंबीऽऽल, वाकट्याऽऽ...” दोन घरं अलीकडे आली आणि थांबली. दारावरून नुसती पावलं गेली. दोन घरं पलीकडे आरोळी पुन्हा सुरू झाली.

क्षिप्रा दाराकडे बघत राहिली.

“तिला पन ठावं हाय,” चांगुणाबाई म्हणाल्या. मग त्यांचं तोंड सुटलं, आवाज मात्र तेवढाच. “लिही. अडीच वरसं झाली, माज्या घरात दुपारचा कुकर लागला नाय. शिटीनं तो जागा होतो. डाल आमी पातेल्यात शिजवतो, दोन-दोन तास. पयला मना लय राग यायचा, खोटं कशाला बोलू? बोलली, त्या फोनचा आवाज बंद कर ना! हिनं केला एक दिवस. तर तो तिकडं अर्ध्या रातचा उठून बसला. हिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या म्हनून. बस. अजून काय लिवाचं?”

“काही नाही,” क्षिप्रा म्हणाली. ती खाली मान घालून टाइप करत होती, एकेक बटण जपून दाबत.

क्षिप्राने पत्राचं इंग्रजी वाचून दाखवल्यावर चांगुणाबाईंनी विचारलं, “कुकर लिवला ना?” लिहिलाय म्हटल्यावर त्यांनी सही केली. तीन वाजता सगळं गेलं. “हे पटलं नाही ना त्यांना, तर मी हा धंदाच सोडते,” क्षिप्रा निघताना म्हणाली, आणि चपला हातात धरूनच पायऱ्या उतरली.

मनस्वीचे डोळे भरून आले होते. तिने सासूला मागून मिठी मारली. “व्हिसा येईल ना हो, आई?”

“येल. का नाय येनार?” चांगुणाबाई फोनमधल्या त्या कानाकडे बघत होत्या. “तू गेलीस का मंग ह्यो फोन कोन लावील?”

“लावायचा कशाला आई, मीच असेन ना तिकडे!” मनस्वी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

“हां. ती पन खरी गोष्ट.” चांगुणाबाई हसल्या. “मंग काय, मोकली मी. धा शिट्या काढीन कुकरच्या.”

त्या आत गेल्या. फळीवरचा कुकर खाली काढला, त्याच्यावरची धूळ पदराने पुसली आणि परत वर ठेवला. मग संध्याकाळची डाळ पातेल्यात घालून गॅसवर चढवली, आणि झाकण वाजू नये म्हणून ते हाताने धरून उभ्या राहिल्या.